बँडबाज्याखालचा नेम

आमच्या शूटिंग रेंजच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं एक वाक्य लिहिलेलं होतं : रोज तेच करा, म्हणजे रोज तेच होईल. ते आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी स्वतः रचलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. नवीन मूल आलं की आधी त्याला त्या भिंतीसमोर उभं करून ते मोठ्यानं वाचायला लावायचे. मीही वाचलं होतं. सरांच्या तोंडून चुकून खरं निघून गेलंय, हे मला बरंच उशिरा कळलं.

रेंज म्हणजे मुकुंदवाडीच्या अलीकडं एका मंगल कार्यालयाचं तळघर. कार्यालय अध्यक्षांचं, तळघर अध्यक्षांचं आणि म्हणून रेंजचे अध्यक्षही तेच. घराणं मूळचं शेतीवाडीचं. शहर त्यांच्या बांधापर्यंत चालत आलं आणि शेताचे प्लॉट झाले. अध्यक्ष कमरेला परवान्याचं पिस्तूल लावायचे आणि ते लोकांना दिसेल अशा बेतानं सफारीचं खालचं बटण उघडं ठेवायचे. त्यांना मी एकदाही गोळी झाडताना पाहिलं नाही. नेमबाजी हा राजेशाही शौक आहे, असं मात्र ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

सर कधीकाळी राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आले होते. गेले होते एवढंच खात्रीनं सांगता येतं. तिथं काय झालं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारण्याची आमची हिंमत नव्हती. पण त्या एका वारीवर त्यांनी सगळं आयुष्य काढलं. संध्याकाळी ठरल्या वेळेला यायचं. ज्याची जी लेन ती त्याचीच, दुसऱ्यानं तिथं पाय ठेवायचा नाही. देवीच्या फोटोला नमस्कार, मग जॅकेट, मग काही गोळ्या अंदाजाच्या, ज्या मोजायच्या नसतात, मग खऱ्या. बोलायचं नाही. पंखा बंद. जिन्याचं दार बंद. ट्यूबलाइटसुद्धा सरांनी स्वतः बाजारात जाऊन निवडलेल्या. लाइट गेली की सराव बंद, आणि त्या दिवसांत भारनियमनामुळं लाइट जायचीच. वर लग्न असलं तरी सराव बंद, कारण बँडनं एकाग्रता भंगते. लग्नसराईत आम्ही आठवडाच्या आठवडा घरी बसायचो, आणि बाकीच्या दिवसांत देव्हाऱ्यासारख्या त्या शांततेत कागदाला भोकं पाडायचो.

मी देवगाव रंगारीची. घरी शेती. कॉलेजसाठी शहरात आले आणि मुकुंदवाडीत आत्याकडं राहू लागले. कॉलेजात परेड करणाऱ्या मुलींचा एक कॅम्प झाला, तिथं पहिल्यांदा खऱ्या रायफलीला हात लावला. माझा नेम बरा आहे असं तिथल्या बाईंना वाटलं आणि त्यांनी मला या रेंजचा पत्ता दिला. नेमाचं मला नवल वाटलं नव्हतं. आमच्या घरी छऱ्याची एक जुनी बंदूक होती. ज्वारी हुरड्यात आली की राघूंचे थवे उतरायचे, त्यांना हाकायला वडील ती वापरायचे. पाखरू कधी मेलं नाही, आवाजानंच ती उडायची. लहानपणी मी त्याच बंदुकीनं बांधावरचे डबे पाडायचे. उभ्यानं, बसून, माळ्यावरून, उन्हाकडं तोंड करून, जसं सापडेल तसं.

रेंजवर पहिलं वर्ष मी सरांचं सगळं ऐकलं. रायफल रेंजचीच वापरायचे, हवेच्या दाबावर छरे मारणारी; छऱ्यालाच आम्ही गोळी म्हणायचो. माझी लेन मधली होती. वर्षअखेरीस टार्गेटच्या कार्डावर काळ्या गोलाच्या ऐन मध्यावर, जिथं दहाचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो, तिथं माझ्या गोळ्या एकीवर एक बसू लागल्या. सगळ्यांच्याच बसत होत्या. अध्यक्षांच्या मुलाच्या तर माझ्याहून चांगल्या. तो माझ्याच वयाचा होता, परदेशी रायफल, अंगाच्या मापानं शिवून घेतलेलं जॅकेट, पायात खास बूट. सर त्याचं कार्ड दिव्यासमोर धरून आम्हाला दाखवायचे. आमच्या तळघरात चॅम्पियन पिकत होते, असंच कुणालाही वाटलं असतं.

मग आम्ही राज्य स्पर्धेला पुण्याला गेलो.

तिथली रेंज मोठी होती, लांबच लांब. माझी लेन एका टोकाला, दाराशेजारी. दार उघडलं की बाहेरचं ऊन आत यायचं, मिटलं की अंधारल्यासारखं व्हायचं. शेजारच्या मुलीचं टार्गेट मोटरवर पुढंमागं जायचं, त्याची घरघर माझ्या कानात. मागं लोक खुर्च्यांवर बसून हळू आवाजात बोलत होते. कुणीतरी खोकत होतं. माईकवर सूचना. यातलं काहीच विशेष नव्हतं. स्पर्धा म्हटली की हे असणारच. पण माझा खांदा जागेवर येईना. रायफल तीच, हात तेच, पण ते हात जणू त्या तळघराच्या भिंतींना टेकून उभे राहायला शिकले होते आणि आता भिंती काढून घेतल्या होत्या. माझ्या गोळ्या सातात गेल्या, आठात गेल्या. एक तर सरळ काळ्याच्या बाहेर. अध्यक्षांच्या मुलाचं याहून वाईट झालं. आमच्या रेंजचा एकही जण यादीच्या वरच्या अर्ध्यात नव्हता.

परतीच्या गाडीत मला लाज वाटायला हवी होती, पण बाकीच्यांकडं बघता बघता तिचा राग झाला. सरांनी आधी पुण्याच्या ट्यूबलाइटला नावं ठेवली. मग छऱ्यांच्या डब्याला. मग पुण्याची माणसं मराठवाड्याच्या पोरांना मुद्दाम कडेच्या लेन देतात, असं सांगू लागले. अध्यक्षांच्या मुलाला तर मधली लेन मिळाली होती. ते कुणी बोललं नाही. नगरला गाडी थांबली तेव्हा सगळ्यांनी मिसळ खाल्ली आणि नगर सोडेपर्यंत आमचा पराभव हा पूर्णपणे इतरांचा गुन्हा ठरला होता. मुलगा म्हणाला, घरच्या रेंजवर झाली असती स्पर्धा तर पहिले तिघं आपलेच. सरांनी मान डोलावली. मी खिडकीबाहेर बघत होते. शाळकरी वयात मी कुठूनही डबा पाडायचे आणि आता शिकूनसवरून मला एकाच खोलीत नेम धरता येत होता. वर्षभरात मी नेमबाज झाले नव्हते, त्या तळघराची भाडेकरू झाले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी सरांना विचारलं, रोज वेगळ्या लेनवरून मारू का? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी मंदिरात चप्पल घालून आले होते. म्हणाले, आधी आहे त्या लेनवर स्थिर हो. मी म्हणाले, पुण्याला ती लेन नव्हती. त्यावर त्यांनी भिंतीकडं बोट केलं. मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

त्यानंतर मी एक गोष्ट मागितली, जी दिली तर त्यांचं काही जाणार नव्हतं. लग्नाच्या दिवशी रेंज बंद असते, तेव्हा मला एकटीला येऊ द्या. सर हसले. म्हणाले, "वाजंत्रीत नेम शिकणार तू? शीक. लगीनघरात जेवण तरी मिळंल." बाकीचेही हसले. पण कार्यालयाच्या मॅनेजरला त्यांनी सांगितलं, आणि किल्ली मिळाली.

पहिल्या दिवशी मी खाली उतरले तेव्हा वरात नुकतीच दारात आली होती. बँड थांबला आणि त्याच्या जागी डीजे सुरू झाला. तळघराचं छत म्हणजे वरच्या हॉलची फरशी. तिच्यावर शंभरेक माणसं एकदम उड्या मारू लागली. ट्यूबलाइट थरथरायला लागल्या. छताच्या गिलाव्याची भुकटी टार्गेटवर, रायफलीवर, माझ्या केसांत पडत होती. मी जॅकेट चढवून उभी राहिले आणि नेम धरला. काळा गोल माझ्या डोळ्यासमोर ढोलाच्या ठेक्यावर नाचत होता. खरं तर गोल नाचत नव्हता, मीच नाचत होते. माझे पाय नकळत तालावर हलत होते. पहिली गोळी पाचात गेली. दुसरी कुठं गेली ते कळलंच नाही.

त्या दिवशी मी चिडून घरी गेले. पण पुढच्या लग्नाला पुन्हा आले, त्याच्या पुढच्यालाही. हळूहळू काय करायचं ते सुचत गेलं. कार्ड उलटं लावायचं, म्हणजे समोर काळा गोल नाही, नुसता पांढरा कागद. त्यावर नेम धरायला काही ठिकाणच नसतं. मग आपलं अंग कसं उभं आहे, बोट ट्रिगरवर कसं येतंय, एवढंच उरतं. गोळ्या एकमेकींजवळ पडल्या तर आपण बरोबर उभं होतो, पांगल्या तर नाही. कधी जिन्यानं वरखाली धावायचं आणि छाती धडधडत असतानाच रायफल उचलायची. कधी पलीकडच्या टोकाच्या लेनवरून, जिथं सांडपाण्याचा पाइप ठिबकत असायचा. कधी गोळी झाडायची आणि कार्ड बघण्याआधी तोंडानं सांगायचं, ही डावीकडं वर गेली, मग बघायचं. सुरुवातीला मी स्वतःला धादांत खोटं सांगत होते. मला सगळ्यात अवघड गेली ती एकच गोष्ट : आल्या आल्या, अंदाजाची एकही गोळी न मारता, पहिलीच गोळी खरी धरायची. ती मारायची, रायफल ठेवायची आणि वर जाऊन लग्नात पाणी पिऊन यायचं. मग पुन्हा पहिली गोळी. सरांच्या शिष्यांना ऐंशी गोळ्यांनंतर सूर सापडायचा. स्पर्धेत तो सापडेपर्यंत कुणी थांबत नाही.

लाइट गेली तरी मी थांबायचे. जिन्याच्या दारातून जो काही उजेड आत यायचा तेवढ्यावर मारायचे.

माझे आकडे घसरले. घसरणारच होते, मी मुद्दाम अवघड करून घेत होते. पण नेहमीच्या संध्याकाळीही मी यातलं थोडंथोडं करायला लागले, आणि सरांच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं. त्यांना सरावात दहा हवे होते. दहा दिसले की त्यांना शिकवल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी अध्यक्ष कुठल्यातरी बड्या साहेबांना रेंज दाखवायला घेऊन आले. पाहुणे माझ्या लेनजवळ थांबले. मी तेव्हा जिन्यावर धावून आले होते, घामानं निथळत होते, आणि कार्डावर गोळ्या सगळीकडं पांगलेल्या होत्या. साहेबांनी सहज विचारलं, ही नवीन आहे का? अध्यक्ष हसत म्हणाले, "नाय हो साहेब. ही देवगावची. पाखरं हाकायचा सराव करते."

सगळे हसले. सरही. साहेब मुलाच्या लेनकडं गेले आणि त्याचं कार्ड पाहून वाहवा करू लागले.

पाहुणे गेल्यावर सरांनी माझ्या हातातली रायफल काढून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाले, ही रेंजची रायफल आहे, ठरलेल्या पद्धतीनं मारायचं असेल तर उद्या ये. लग्नाच्या दिवसांची किल्लीही बंद झाली. मी भांडले नाही. त्यांच्याशी भांडणं म्हणजे त्या भिंतीशी भांडणं होतं, आणि भिंतीला निदान कान तरी असतात म्हणतात.

पुढच्या रविवारी गावी जाऊन वडिलांची छऱ्याची बंदूक घेऊन आले. ती परत कधी आणणार एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ज्वारीच्या आत.

आत्याच्या घराच्या कडेनं कुंपणाची भिंत आणि घर यांच्यामध्ये एक बोळ होती. तिच्यात पाण्याची निळी पिंपं ओळीनं उभी होती, कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. बोळीच्या टोकाला मी वाळूनं भरलेली पोती एकावर एक रचली, त्यांच्यापुढं कार्ड टांगलं आणि पिंपांच्या मधून नेम धरायला लागले. त्या बंदुकीचा ट्रिगर दगडासारखा होता. दर गोळीला नळी जोर लावून खाली वाकवावी आणि नवा छरा भरावा लागायचा. तिच्यावर दहा मारणं शक्यच नव्हतं, पण हात न हलवता तो ट्रिगर ओढायला जो शिकला, त्याला रेंजची रायफल फुलासारखी वाटली असती. रेंजवर मी जायचेच, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लेनवर, शहाण्या मुलीसारखी. खरा सराव बोळीत चालायचा.

आत्याला या सगळ्याचा मनस्वी तिटकारा होता. तिचे मालक वाळूजला कंपनीत होते, शिफ्टची बस पकडायला जायचे आणि उरलेला वेळ झोपायचे, त्यामुळं घरातली सगळी मतं आत्याचीच. मोठ्या माणसांनी कागदावर गोळ्या मारायच्या आणि त्याला खेळ म्हणायचं, हे तिला पटतच नव्हतं. मी तिला म्हणाले, आत्या, मी नेम धरला की तू काहीही कर, आवाज कर, बोल, मी हलणार नाही. तिनं ते अगदी मनावर घेतलं. मी नेम धरला की ती मागून पितळी पातेलं फरशीवर सोडायची. कधी नुसती शेजारी येऊन उभी राहायची आणि शांतपणे विचारायची, "लगीन करायचंय का नाय तुला?" ढोलापेक्षा या प्रश्नानं माझ्या जास्त गोळ्या वाया घालवल्या. मग एकदा मी गोळी झाडली, कार्डात बरोबर मध्ये लागली, आणि वळून म्हणाले, नाही करायचं. आत्या म्हणाली, "बरं." आणि पातेलं उचलून आत गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर अध्यक्षांचा मुलगा एक दिवस बोळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. गाडी त्यानं लांब लावली होती, कुणाला दिसू नये म्हणून. पुण्यात जे झालं त्यानं तो आतून हादरला होता, हे मला तेव्हा कळलं. नगरला मिसळ खाताना त्याच्या चेहऱ्यावर यातलं काही नव्हतं. तो म्हणाला, मलाही शिकव. मला त्याच्याबद्दल काही चांगलं वाटलं असेल तर ते त्या क्षणी.

मी त्याला वडिलांची बंदूक दिली. त्यानं ती दोन बोटांत उष्टं ताट धरावं तशी धरली. पहिल्या दिवशी त्याच्या गोळ्या पोत्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या बऱ्या. मी त्याला सांगत होते, आकडा बघू नको, आपण कुठं हललो ते बघ. तो आकडाच बघत होता. आत्यानं पातेलं टाकलं तेव्हा दचकून त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की ती पुन्हा त्याच्यासमोर बोळीत आली नाही. तिसऱ्या दिवशी जाताना तो म्हणाला, "घरी गेल्यावर पप्पा विचारतात, आज किती आले. काय सांगू त्यांना?"

मी म्हणाले, सांग की आज सहा आले आणि का आले ते कळलं. तो परत आला नाही. दुसऱ्या आठवड्यात रेंजवर त्याचे पुन्हा दहावर दहा सुरू झाले आणि त्याचा चेहरा पूर्वीसारखा तुकतुकीत झाला. त्याच्याकडं सगळं होतं. चुकायची मुभा तेवढी नव्हती. मला त्याची कीव यायला हवी होती. थोडी आलीही, पण ती टिकली नाही, कारण रेंजवर तो मला ओळख दाखवत नव्हता.

पुढच्या राज्य स्पर्धेला मी उभी राहिले तेव्हा मला भीती वाटत होतीच. ती सरावानं जात नाही. पण पहिली गोळी नऊच्या कडेला लागली आणि लागण्याआधीच मला कळलं होतं की ती उजवीकडं जाणार. मग बरं वाटलं. निम्म्याच्या थोडं पुढं गेल्यावर माझ्या लेनची मोटर अडकली. कार्ड मध्येच लटकून राहिलं. हात वर केला, पंच आले, खटपट केली, आणि मला सगळं सामान उचलून पलीकडच्या राखीव लेनवर जायला सांगितलं. मागं आमच्या सरांचा आवाज ऐकू आला. ते शेजारच्या माणसाला सांगत होते, झालं, आता हिचं संपलं.

मी रायफल घेऊन चालत गेले, जागा बघितली, पाय ठेवले. तिथं उजेड डावीकडून येत होता. मागं कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळत होतं. माझ्या मनात आलं की हे बोळीपेक्षा पुष्कळ बरं आहे. पुढची गोळी दहात गेली. तिच्या पुढचीही.

मी पहिली आले नाही. तिसरीही आले नाही. पण राष्ट्रीय स्पर्धेसाठी जेवढे गुण लागत होते तेवढे झाले, आणि आमच्या तळघरातून तेवढे आजवर कुणाचेच झाले नव्हते. अध्यक्षांच्या मुलानं शेवटच्या गोळ्या घाईघाईनं मारल्या आणि निकाल लागायच्या आधी तो गाडीत जाऊन बसला. या वेळी छऱ्यांचा दोष होता.

शहरात परतले तर जालना रोडवर फ्लेक्स लागलेला. त्याच्यावर अध्यक्ष मोठे, हात जोडलेले. त्यांच्या खांद्याशी सर. आणि खाली कोपऱ्यात, वाढदिवसाच्या शुभेच्छुकांच्या रांगेत असावा एवढा, माझा ओळखपत्रावरचा फोटो. मथळा होता : शिस्तीचे फळ. सत्कार त्याच मंगल कार्यालयात ठेवला होता. आत्या नवीन लुगडं नेसून आली आणि पहिल्या रांगेत बसली.

सरांनी भाषण केलं. आपली पद्धत कशी आहे, वर्षानुवर्षं तीत काडीचा बदल कसा केला नाही, मोहाला कसे बळी पडलो नाही, हे त्यांनी सांगितलं. माझी लेन मध्येच बदलली त्याचा उल्लेखही त्यांनी केला, आणि ती अग्निपरीक्षा मी पद्धतीच्या बळावर पार केली असं म्हणाले. मला वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा खरोखरच तसा समज झाला होता. ढोंगी माणसाला निदान मनात तरी खरं ठाऊक असतं. यांच्या मनात जायला दारच नव्हतं.

मग मला बोलायला सांगितलं. मी काही तयार करून आले नव्हते. माईक हातात घेऊन म्हणाले, "मी सरांच्या पद्धतीनं सराव केला नाही. मी या हॉलच्या खाली, तुम्ही वर नाचत होता तेव्हा सराव केला. तो सरांनी बंद केला, म्हणून मग घराच्या बोळीत केला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते, सरही. सूत्रसंचालक म्हणाला, पाहा, केवढा हा विनय. मग शाल आणि नारळ आला. मी तिथं उभी राहून त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांकडं बघत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की या लोकांना मी शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या, कारण भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या एवढंच त्यांना ठाऊक होतं.

रिक्षात आत्यानं शाल दोन बोटांत धरून पाहिली. "लई पातळ हाय," म्हणाली. "एक हिवाळा बी जायची नाय."

त्यानंतर मी त्या तळघरात गेले नाही. राष्ट्रीय स्पर्धेत मी यादीच्या मध्यावर कुठंतरी आले. माझ्याहून किती तरी चांगल्या मुली तिथं होत्या आणि त्यांच्यातल्या एकीनं मला सांगितलं की ती गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, शेजारी बैलांचा लिलाव चालू असताना सराव करते. तिच्याशी मी दिवसभर बोलत बसले. अध्यक्षांच्या मुलानं पुढं बापाचा धंदा घेतला आणि तळघरात पार्किंग केलं. सर निवृत्त झाले. रस्त्यात भेटले तर मला अजूनही आपली विद्यार्थिनी म्हणून ओळख करून देतात, आणि मी नमस्कार करते, कारण माझ्या वडिलांनी मला तसं वाढवलंय. त्यापलीकडं त्यात काही नाही.

आता मी एका शाळेत शिकवते आणि शाळा सुटल्यावर मागच्या शेडमध्ये काही मुलींकडून नेमबाजी करून घेते. पालकांना माझी रीत आवडत नाही. गेल्या महिन्यात एका मुलीचे वडील आले. मोठ्या पगाराचे, वाळूजच्या कारखान्यात कसल्यातरी विभागाचे प्रमुख. त्यांनी मोबाईलवर आलेख काढून आणला होता : माझ्याकडं आल्यापासून मुलीचे आकडे खाली चाललेत. मी समजावलं की सध्या ती एका पायावर उभी राहून मारते, उलट्या कार्डावर मारते, इतर मुली शेजारी पाढे म्हणत असताना मारते. आकडा खाली जाणारच, तो वर यायची जागा स्पर्धेत, इथं नाही. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की कंपनीत ते अशी प्रक्रिया चालू देत नाहीत. मुलगी त्यांच्या मागं उभी होती आणि जमिनीकडं बघत होती.

त्यांनी तिला दुसरीकडं घातलं. तिथं एसी आहे, शांतता आहे आणि प्रत्येकाची लेन ठरलेली आहे. तिचे वडील रोज संध्याकाळी तिच्या कार्डाचा फोटो स्टेटसला ठेवतात. मधोमध एकच गोल, सुबक भोक. मी तो बघते. बघून फोन पर्समध्ये टाकते आणि राहिलेल्या तिघींना सांगते, बूट काढा, आज गिट्टीवर उभं राहून मारायचंय.